कॅनबेरा पीआर ५७ : दोन रेझिन संच आणि पाच मिलिमीटरची चकती

कॅनबेरा हे ब्रिटिश जेट बॉम्बर. त्याच्या बॉम्बर मॉडेलचं टेहळणी विमान करायचं म्हटलं की सगळं धडात घालायच्या एका चकतीवर येऊन ठेपतं. बी २ या बॉम्बरची लांबी ६५ फूट ६ इंच, पीआर ३ आणि पीआर ७ या टेहळणी विमानांची ६६ फूट ८ इंच. फरक १४ इंचांचा, आणि तो सगळा पंखाच्या पुढे, धडात वाढवलेला. एकास बहात्तर प्रमाणाच्या मॉडेलमध्ये हे १४ इंच ४.९४ मिलिमीटर भरतात, एकास अठ्ठेचाळीसमध्ये ७.४१. भारतीय हवाई दलाचं पीआर ५७ म्हणजे पीआर ७ चीच उष्ण प्रदेशासाठी केलेली आवृत्ती, त्यामुळे मापं तीच. मॉडेल पुरं झाल्यावर नाकापासून शेपटीपर्यंत २८२ मिलिमीटर भरलं पाहिजे. २८१ भरलं तर कुणी फाशी देणार नाही, पण २७९ भरलं तर हे विमान ना बी २ राहतं ना पीआर ७ होतं.

हे रूपांतर करण्यासाठी चकती आणि इतर भाग रेझिनच्या संचात मिळतात. इथे तपासलेले दोन्ही संच एकास बहात्तरचे, एअरफिक्सच्या नव्या साच्यातल्या बी २/बी २० किटसाठी. एक जुन्या पद्धतीचा, सिलिकोनच्या साच्यात ओतलेल्या पॉलियुरेथेन रेझिनचा. दुसरा प्रिंटरवर छापलेला. बनवणाऱ्यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. सिलिकोनचा साचा काही डझन ओतींनंतर फाटायला लागतो, कडा बोथट होतात, बारीक भागांवर फोड येतात. म्हणजे एकाच संचाची विसावी ओत आणि पाचवी ओत यांत जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो. एका पाकिटावरून दुकानाचं नाव खराब करण्यात अर्थ नाही. पाकीट हातात आल्यावर काय बघायचं ते कळलं की पुरे.

आधी किटबद्दल, कारण चूक बहुतेक वेळा इथेच होते. खोक्यावर पीआर ९ दिसलं की 'हेच टेहळणीचं' म्हणून उचललं जातं. पीआर ९ चे पंख लांब, इंजिनं वेगळी आणि वैमानिकाची काच डावीकडे सरकलेली. ते विमान भारताकडे कधीच नव्हतं. दुसरी चूक बी(आय) ८ या बॉम्बरचं किट घेण्याची; भारताचं बी(आय) ५८ ही त्याचीच आवृत्ती. भारताने १९५७ च्या जानेवारीत मागवलेल्या कॅनबेरांमध्ये ५४ बी(आय) ५८, ८ पीआर ५७ आणि ६ टी ४ (प्रशिक्षणाची) होती. बी(आय) ५८ हेच संख्येने जास्त, त्यामुळे भारतीय डेकल, म्हणजे मॉडेलवर चिकटवायची चिन्हं आणि क्रमांक, बहुधा त्याचीच मिळतात आणि माणूस तेच किट घेऊन बसतो. पण त्याचंही पुढचं धड वेगळं, लढाऊ विमानासारखी बाजूला बसवलेली काच. पीआर ५७ ला बी २ चीच गोल, मध्यावरची काच लागते, तेव्हा किट बी २ चंच हवं. माळ्यावर सत्तरच्या दशकातलं जुनं एअरफिक्स कॅनबेरा पडलं असेल तर त्याला हात लावण्याआधी धडाचा घेर मोजा; हे दोन्ही संच त्याच्यासाठी बनवलेले नाहीत.

आता चकती.

ओतीव संचातली चकती भरीव आहे, व्यास साधारण २५ मिलिमीटर आणि कॅलिपरवर जाडी ५.१. पाहिल्यावर वाटतं, बरोबर आहे, थोडी जास्तच आहे. नाही, कमी आहे. बारीक दातांच्या करवतीचं पातं पाव मिलिमीटरचं असतं, तेवढं प्लास्टिक कापतानाच जातं. मग कापलेली दोन्ही तोंडं काचेवर ठेवलेल्या पॉलिश पेपरवर घासून सपाट करायची, त्यात प्रत्येकी आणखी ०.१ ते ०.१५ जातं. चकतीच्या ओतणीच्या बाजूला ठोकळा कापल्यावर तीही घासावी लागते. हिशेब केला तर ५.१ ची चकती लावून धड प्रत्यक्षात साडेचार मिलिमीटरने वाढतं. जाणकार कास्टर चकती साडेपाचची ओततो आणि सूचनापत्रात लिहितो, 'घासून माप जुळवा'. इथे तसं काही लिहिलेलं नाही. उपाय सोपा आहे : चकतीच्या एका तोंडाला अर्ध्या मिलिमीटरचा प्लास्टिक कार्ड (पातळ प्लास्टिकची पट्टी) सुपरग्लूने चिकटवा, कडेने कापा, आणि मग दोन्ही भाग कोरडेच जुळवून पूर्ण लांबी मोजत मोजत घासत या.

छापील संचाची चकती ५.६ मिलिमीटर, आतून पोकळ, आणि दोन्ही बाजूंना दीड मिलिमीटरचा पातळ काठ, जो धडाच्या आत सरकतो. हे डोकं चालवून केलेलं काम आहे. ओतीव चकतीला दोन सपाट तोंडं, खाच नाही की खुंटी नाही; सांधा नुसता तोंडाला तोंड लावून धरायचा. छापील चकतीत तो काठच मध्य धरतो. फक्त काठाच्या बाहेरच्या बाजूला छापताना दिलेल्या आधारांचे (सपोर्टचे) टोचे राहिलेले असतात, ते कानशीने काढल्याशिवाय चकती आत जात नाही, आणि जबरदस्ती केली तर काठ बिस्किटासारखा तुटतो. छापील रेझिन कडक असतं, लवचिक नसतं.

व्यासाचं गणित वेगळं. पॉलियुरेथेन रेझिन घट्ट होताना थोडं आकसतं. एक टक्का आकसलं तरी २५ मिलिमीटरवर पाव मिलिमीटर, म्हणजे सगळीकडून ०.१२ ची पायरी. ओतीव चकती इतकीच बुटकी आहे. ही पायरी पुट्टीने भरू नका. इतक्या पातळ थराची पुट्टी सुकून बसते आणि प्रायमर मारल्यावर सांध्याची रेषा पुन्हा उमटते. सुपरग्लूमध्ये टाल्कम पावडर कालवून चकतीच्या कडेवर थर द्या आणि अर्ध्या-पाऊण तासात घासा. रात्रभर ठेवलं तर तो थर बाजूच्या प्लास्टिकपेक्षा कठीण होतो, मग घासताना प्लास्टिक खाली जातं आणि थर उंच राहतो. कॅनबेरासारख्या गुळगुळीत धडावर ती लाट चांदीच्या रंगात लांबून दिसते.

कुठे कापायचं हे ओतीव संचाच्या पत्रकात फक्त 'पंखाच्या पुढच्या पॅनल रेषेवर' असं आहे, आणि पंखाच्या पुढे रेषा एकच नाही. नियम हा : धड जिथे सरळ नळीसारखं आहे तिथेच कापायचं. पुढे सरकलात की धड निमुळतं व्हायला लागतं आणि चकतीच्या एका बाजूला पायरी येते, जी कुठल्याही घासण्याने जात नाही. कापण्याआधी धडाची दोन्ही अर्धी मास्किंग टेपने घट्ट जुळवा, भोवती जाड लेबल टेपची पट्टी पूर्ण फिरवा, तिची दोन टोकं एकमेकांवर अचूक आली की समजा रेषा काटकोनात आहे. मग सुईने तीच रेषा आठ-दहा वेळा हलक्या हाताने खोदा, आणि नंतरच करवत. दोन्ही अर्धी वेगवेगळी कापली की लांबीत फरक पडतोच, कितीही सराव असला तरी.

काटकोनाचा आग्रह का, तर तोंड ०.३ मिलिमीटर तिरकं राहिलं की २५ च्या व्यासावर तो कोन लहान वाटतो, पण तिथून सत्तरेक मिलिमीटर पुढे नाकाच्या टोकाशी तो पाऊण मिलिमीटरहून जास्त होतो. नाक खाली किंवा वर पाहायला लागतं. त्याहून वाईट म्हणजे पीळ. म्हणून कापण्याआधी धडाच्या माथ्यावर आणि दोन्ही कुशींवर पेन्सिलीने आरपार रेषा ओढा आणि चकतीवरही त्याच तीन खुणा करा. चिकटवण्याआधी नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत दोरा ताणून बघा. ओतीव चकतीला प्रत्येक तोंडाला तीन ठिकाणी ०.८ मिलिमीटरच्या पितळी तारेच्या खुंट्या घाला. सुपरग्लू ओढ सहन करतं, टिचकी सहन करत नाही. निव्वळ तोंडाला तोंड चिकटवलेलं कॅनबेरा पंख बसवताना हमखास मधून मोडतं.

चिकटवण्यासाठी किटचं पातळ सिमेंट रेझिनवर निरुपयोगी आहे, ते फक्त पॉलिस्टायरीन, म्हणजे किटचं प्लास्टिक, विरघळवतं. सुपरग्लू किंवा पाच मिनिटांचं एपॉक्सी, एवढेच दोन पर्याय. चकतीसाठी एपॉक्सी, कारण जुळवायला वेळ मिळतो. आणि कुठलाही तुकडा चिकटवण्याआधी भांडी घासायच्या साबणाने, कोमट पाण्यात, जुन्या टूथब्रशने धुवा. ओतीव रेझिनवर साचा सुटण्यासाठी वापरलेला तेलकट थर असतो. तो राहिला तर रंग टेपबरोबर सालीसारखा निघून येतो. छापील भाग हाताला चिकट लागत असतील तर ते नीट कडक झालेले नाहीत : आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पंधरा-वीस मिनिटं उन्हात ठेवा, जास्त नाही. घासणं ओलं करा, मास्क लावून करा. ही धूळ फुप्फुसाला चांगली नाही, आणि कोरडी घासली तर ती घरभर होते ते वेगळंच.

चकतीनंतर पोट. टेहळणी विमानात बॉम्बच्या जागेचा पुढचा भाग इंधनाच्या टाकीने व्यापला आणि मागे रात्रीच्या छायाचित्रणासाठी प्रकाशगोळ्यांची छोटी जागा उरली. म्हणजे बी २ चे लांब दरवाजे तसेच ठेवले तर चकतीची सगळी मेहनत वाया. दोन्ही संचांत पोटाचा एक अखंड तुकडा आहे, आखूड दरवाज्यांच्या रेषा कोरलेला. ओतीव तुकडा केळ्यासारखा वाकलेला आला. वाफाळतं गरम पाणी, साठ-सत्तर अंशांचं, त्यात अर्धा मिनिट, मग काचेवर दाबून धरून गार पाणी, सरळ होतो. छापील तुकडा वाकलेला नव्हता, पण आतल्या बाजूला कड २ मिलिमीटर जाड आहे आणि किटच्या बॉम्ब-कप्प्याच्या छताला अडते. छत काढून टाकायचा मोह होतो. काढलंत तर धड त्या ठिकाणी बोटाने दाबलं तरी दबतं, म्हणून एक मिलिमीटरच्या कार्डाचे दोन आडवे पडदे आत घाला आणि मगच तुकडा बसवा.

कॅमेऱ्याच्या खिडक्या हा या विमानाचा खरा चेहरा, आणि इथे ओतीव संचाने निराशा केली. खिडक्या नुसत्या कोरलेल्या चौकटी, मागे भरीव रेझिन. काळा रंग देऊन वर चकाकी मारली की काम भागतं असं पत्रक सांगतं. भागत नाही; काच म्हणजे खोली, आणि ती रंगाने येत नाही. चौकटीच्या आत १ मिलिमीटरच्या ड्रिलने भोकं पाडून कानशीने कोपरे काढा, आतून काळ्या रंगाचा डबीसारखा कप्पा करा, आणि खिडकीला ओएचपी शीटचा (पारदर्शक प्लास्टिकचा) तुकडा. पंच असेल तर गोल तुकडे एका दाबात निघतात. छापील संचात चौकटी आरपार आहेत आणि आत भिंगाच्या आकाराची छोटी नळीसुद्धा दिली आहे. तिरकं पाहिलं की ती नळी दिसते. पैसे कशाचे मोजले ते तिथे कळतं.

मग नाकाची काच, जिथे पारडं नेमकं उलटं फिरतं. बी २ च्या नाकात बॉम्ब टाकणाऱ्याला नेम धरायला एक सपाट काच आहे. टेहळणी विमानात ती काढून टाकलेली. ओतीव संचात व्हॅक्युमवर ओढलेली नवी नाककाच दिली आहे, तीही दोन प्रती, कारण पहिली कापताना बिघडणार हे बनवणाऱ्याला माहीत आहे. आत ब्लू टॅक (चिकट मातीसारखा लगदा) भरून, नवं पातं लावून, एकाच रेषेवरून पंधरा-वीस हलके फेरे मारा. एका दमात कापायला गेलात की काच चिरते. छापील संचात काचच नाही. पत्रक म्हणतं, किटच्या नाकातला सपाट भाग घासून गोल करा. हे वाचून हसू आवरत नाही : सपाट जागा म्हणजे गोलातून कापून काढलेला तुकडा, तिथे घासायला प्लास्टिक आहेच कुठे? करायचं ते उलट. त्या सपाट जागेवर पारदर्शक यूव्ही रेझिनचे पातळ थर चढवा, प्रत्येक थर दिव्याखाली कडक करा, गोलाई आली की बारीक पेपरपासून १२,००० नंबरच्या पॉलिशिंग कापडापर्यंत जा. दोन संध्याकाळी जातात. जाड थर एकदम दिला तर आत गरम होऊन बुडबुडे अडकतात.

पावसाळ्यात हे काम करणाऱ्यांना एक सूचना : काचेजवळ सुपरग्लू नको. त्याची वाफ काचेवर पांढरी धूळ होऊन बसते, आणि जुलैतल्या कोकणात किंवा मुंबईत ही धूळ जरा जास्तच दिसते. काचेला पांढरा कॅनोपी ग्लू लावा, वाळायला रात्र द्या.

इंजिनांच्या तोंडातल्या गोळ्यांबद्दल, म्हणजे मध्यावर दिसणाऱ्या स्टार्टरच्या आवरणांबद्दल, फार लिहिण्यासारखं नाही. पीआर ७ ला बी ६ सारखी अ‍ॅव्हॉन १०९ इंजिनं, तीन काडतुसांचा स्टार्टर, म्हणून त्यावरचं आवरण बी २ पेक्षा लांब. दोन्ही संचांत लांब गोळ्या आहेत, दोन्ही ठीक आहेत. हवेच्या तोंडाची आतली बाजू आधी रंगवा, मग गोळी मध्यावर बसवा. नंतर आत ब्रश पोचत नाही.

आसनांवर दोन्ही बनवणाऱ्यांनी जीव ओतला आहे, पट्ट्यांच्या बकलसकट. वैमानिकाचं दिसतं. मागे बसणाऱ्या नेव्हिगेटरचं आसन काळ्या बोगद्यात जातं. फक्त एक लक्षात ठेवा, या विमानात माणसं दोनच, तेव्हा बी २ च्या किटमधली मागची जादा आसनं बसवू नका. जाहिरातीत आसनांचे जवळून काढलेले फोटो असतात आणि चकतीचं माप कुठेच नसतं, ही या धंद्यातली जुनी रीत.

वजन. कॅनबेरा तीन चाकांवर उभं राहतं आणि शेपूट जड. भरीव चकतीचं वजन अडीच-पावणेतीन ग्रॅम, पण ती पंखाला इतकी लागून आहे की तोल सांभाळायला फारसा उपयोग नाही. पंख आणि शेपूट टेपने लावून, मागच्या चाकांच्या रेषेखाली पेन्सिल ठेवून तोल पाहा, आणि नाक खाली झुकेपर्यंत आत छर्रे घाला, वर पाच ग्रॅम जास्तीचे. शिशाचे छर्रे असतील तर पांढऱ्या फेविकॉलने चिकटवू नका. बंद जागेत शिसं गंजून फुगतं आणि दोन-तीन वर्षांनी धडाचा सांधा उकलतो. एपॉक्सी वापरा.

डेकल कुठल्याच संचात नाहीत. भारतीय वर्तुळ बाहेर केशरी, मग पांढरं, मध्ये हिरवं. पीआर ५७ चे क्रमांक 'आयपी'ने सुरू होतात, बी(आय) ५८ चे 'आयएफ'ने. बॉम्बरच्या डेकलमधले क्रमांक जसेच्या तसे लावले तर जाणकाराच्या नजरेतून सुटत नाहीत. रंग आणि अँटेना वर्षाप्रमाणे बदलतात, आणि वर्षं थोडीथोडकी नाहीत : हवाई दलाच्या १०६ स्क्वाड्रनचं एक पीआर ५७ २१ मे १९९९ रोजी कारगिलवर क्षेपणास्त्राचा मार खाऊन एका इंजिनावर परत आलं, आणि कॅनबेराला निरोप मिळाला तो ११ मे २००७ ला, आग्र्यात. पन्नास वर्षांतलं कुठलं विमान करायचं ते आधी ठरवा, त्याच वर्षाचा फोटो समोर ठेवा. लोहगावला दिसायची ती कॅनबेरा बॉम्बर होती. पुण्यातल्या कुणाच्या अल्बममधला तो फोटो रंगासाठी उपयोगी पडेल, धडासाठी नाही.

दोन्हींची किंमत जवळजवळ किटइतकीच, वर टपाल आणि कस्टम्स. पहिलंच रूपांतर असेल तर छापील संच घ्या. पोकळ चकती आणि आरपार खिडक्या यांमुळे धड आणि पोट सुखाने होतं, आणि नाकाच्या काचेवर दोन संध्याकाळी खर्च करायची तयारी ठेवा. हात बसलेला असेल तर ओतीव संचाची व्हॅक्युम काच मोहात पाडते, पण मग चकती स्वतः प्लास्टिक कार्डाचे थर लावून करणं बरं : १ मिलिमीटरच्या पाच चकत्या एकावर एक, वर घासण्यापुरती अर्ध्याची एक. प्लास्टिकला प्लास्टिक सिमेंटने चिकटतं, आकसण्याचा प्रश्न नाही, खुंट्यांची गरज नाही. मागवण्याआधी विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा, चकतीची जाडी किती मिलिमीटर. 'साधारण पाच' असं उत्तर आलं तर अर्ध्या मिलिमीटरचा कार्ड त्याच पार्सलमध्ये घालायला सांगा.